बुटक्यांची कुळे

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळात मी ‘फँटसीतील बुटके’ या विषयावर बोलले. विषय मीच निवडला होता. देवळीसारख्या तालुक्याच्या गावी बी.ए.ची निम्मी मुले सकाळची शेतातली कामे उरकून एस.टी.ने येतात. त्यांच्यापुढे टोल्किनच्या पुस्तकांतील ठेंगण्या, दाढीवाल्या, डोंगराच्या पोटात राहणाऱ्या लोकांविषयी तासभर बोलावे असे का वाटले, याचे प्रामाणिक उत्तर लहानसे आहे. त्या उन्हाळ्यात माझा मुलगा ‘द हॉबिट’ वाचत होता. जेवायच्या ताटावरही ते पुस्तक त्याच्या हातून सुटेना, तेव्हा एवढे काय आहे त्यात म्हणून मी ते उचलले. फँटसीकडे मी तोवर जरा वरूनच पाहत आले होते. एम.ए.च्या काळात आम्हांला वास्तववादाचे एवढे बाळकडू मिळाले होते की, ज्या कथेत पाऊस वेळेवर पडतो ती कथाही संशयास्पद वाटे. पुस्तक संपले तेव्हा मनात ड्रॅगन उरला नव्हता, उरले होते ते बुटके.

मराठी वाचकाला बुटके माहीत असतात ते ‘हिमगौरी आणि सात बुटके’ या गोष्टीतले. ग्रिम बंधूंनी ही कथा 1812 मध्ये छापली, तेव्हा त्या सातांना नावेही नव्हती. ते खाणीत जात, संध्याकाळी परत येत, आणि घर आवरून ठेवणारी एक मुलगी मिळाली म्हणून खूश होत, एवढेच त्यांचे चरित्र. पुढे 1937 च्या डिस्नेपटाने त्यांना नावे दिली. पण ती कसली? कुणी रागीट, कुणी झोपाळू, कुणी लाजाळू. स्वभावाचा एकेक तुकडा म्हणजे एकेक बुटका. गंमत अशी की, ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झाले तेही 1937 सालीच. त्यातही तेरा बुटके एका घरी जेवायला येतात, गोंधळ घालतात, हसवतात. पण जेवणे झाल्यावर ते वाद्ये काढतात आणि हरवलेल्या डोंगराविषयी गाऊ लागतात, तेव्हा हसणारा वाचक थबकतो. हे विनोदी पाहुणे मुळात निर्वासित आहेत.

टोल्किनने त्यांना जे दिले ते नीट पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट, उत्पत्तिकथा. औले नावाच्या कारागीर देवाने मुख्य ईश्वराला न विचारता, घाईने, आपल्या शिष्यांची हौस म्हणून भूमीखाली सात बुटके घडवले. ईश्वराने ते मोडायला लावले नाहीत, पण ठरलेली वेळ येईपर्यंत त्यांना दगडाखाली निजवून ठेवले. हे सात म्हणजे सात कुळांचे मूळ पुरुष. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये यांपैकी ड्यूरिनच्या ‘दीर्घश्मश्रू’ कुळाचाच वृत्तान्त सविस्तर येतो. बाकीच्या सहा कुळांची नावे वाचकांना मिळाली ती लेखकाच्या मृत्यूनंतर, मुलाने संपादित केलेल्या 1996 च्या खंडात. दुसरी गोष्ट, भाषा. बुटके परक्यांशी परक्यांच्या भाषेत बोलतात, आपली भाषा मात्र कोणाला शिकवत नाहीत. खरे नाव तर इतके गुप्त की, ते थडग्यावरही कोरत नाहीत. आपण वाचतो ती सगळी त्यांची बाहेरची नावे. आणि तिसरी गोष्ट, गमावलेले घर. मोरिया गेले, एरेबोर गेले. राजवंशातला थोरिन परक्या गावांतून लोहारकाम करीत हिंडला, आपल्या लोकांवर कोळसा खणण्याची पाळी आली हे तो शरमेने सांगतो.

या बुटक्यांची स्थिती लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे ज्यू होते, हे टोल्किनने 1955 च्या एका पत्रात सूचित केले आहे. ज्या देशात राहायचे तिथले होऊन राहायचे आणि तरी तिथले नसायचे, ही ती स्थिती. नावे मात्र त्याने सरळ जुन्या नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून उचलली. थोरिन, द्वालिन, बोंबूर ही सारी तिथली. (गँडाल्फ हेही त्या यादीतले, म्हणजे मूळचे बुटक्याचे नाव. आपला उंचापुरा जादूगार उसन्या नावावर वावरतो आहे.) नॉर्स पुराणातले बुटकेही धातूचेच धनी. थॉर देवाचा हातोडा त्यांनी घडवला. काम चालू असताना लोकीने माशीचे रूप घेऊन दंश केला, भाता क्षणभर थांबला आणि हातोड्याचा दांडा आखूड राहिला. कारागिराच्या घरची गोष्ट कशी ओळखावी, तर ती अशी: देवाच्या शस्त्रातला दोषही तिला ठाऊक असतो, आणि तो कोणामुळे राहिला हेही.

इथवर माझे व्याख्यान ठीक चालले होते. मग आपल्याकडचे काही सांगावे म्हणून मी कीचकांकडे वळले. आपल्या जुन्या मंदिरांत खांबाच्या शिरोभागी हात वर करून तुळया पेलणाऱ्या पोटसुट्या, आखूड पायांच्या मूर्ती असतात, त्यांना आपण कीचक म्हणतो. अजिंठ्याच्या वाकाटककालीन लेण्यांतही असे गण छताखाली दिसतात. आणि मला सर्वांत प्रिय आहे तो पितळखोऱ्याचा यक्ष. कन्नड तालुक्यातल्या या लेण्यांचा ढिगारा उपसताना तो सापडला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, ठेंगणा, गुबगुबीत, डोक्यावर घमेल्यासारखे पात्र धरलेला आणि तोंडभर हसणारा. आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर प्राकृतात कोरलेले आहे की, तो कण्हदास नावाच्या हिरण्यकाराने, म्हणजे सोनाराने, केला. दगडात बुटका घडवणारा सोनार! नॉर्स कथेत बुटके सोने घडवतात, आपल्याकडे सोन्याच्या कारागिराने बुटका घडवला आणि त्याच्या हातावर आपले नाव ठेवले. हे वाक्य मी घरून बेतून नेले होते आणि त्यावर माना डोलल्या, हेही कबूल करते.

व्याख्यानानंतर प्रश्न विचारा म्हटले की, आमच्याकडे सभागृहात पंखे तेवढे बोलतात. त्या दिवशी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उठली. वर्गात ती कधी बोलल्याचे मला आठवत नव्हते.

“मॅडम, ह्या लोकायच्या बाया कुठी हायेत?”

पोरे हसली. मी सांगितले की, टोल्किनच्या म्हणण्याप्रमाणे बुटक्यांत स्त्रिया फार थोड्या, तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्या क्वचितच बाहेर पडत आणि पडल्याच तर पुरुषांसारख्या दिसत, म्हणून लोकांना वाटे की बुटक्यांत बायकाच नसतात. साऱ्या वंशावळीत नाव येते ते एकाच स्त्रीचे, थोरिनची बहीण डीस. ती मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मंग घन कोन मारते? आमच्याकडं त मायच मारते.” आणि बसली.

ती घिसाड्यांची मुलगी आहे हे मला त्या वाक्याने कळले. आणि पाठोपाठ दुसरी एक गोष्ट आठवली, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे. जूनमध्ये मी या वर्गाचे जुने चाचणीचे पेपर परत दिले होते. त्यांपैकी एका पेपरवर मी लाल शाईने शेरा मारला होता: ‘उत्तर घिसाडघाईने लिहिले आहे.’ अक्षर मला आठवत होते. घरी जाऊन गुणांची वही काढली, क्रमांक ताडून पाहिला. तीच होती.

‘घिसाडघाई’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! अग्रलेखांत, विधानसभेच्या बातम्यांत तो असतो. माझ्या स्वतःच्या एका जुन्या परीक्षणातही आहे. घिसाडी हा फिरस्ता लोहार. आला, पाल ठोकले, विळे-कुऱ्हाडी करून दिल्या, गेला. त्याच्या कामात सफाई नसते, असा गावात बसलेल्या माणसाचा समज, आणि त्या समजाचा शब्द झाला. शब्दाची व्युत्पत्ती मला ठाऊक होती, ही त्यातली खरी टोचणी. भाषेत मेलेल्या रूपकांविषयी मी दर वर्षी एक तास घेते. हे रूपक मेलेले नाही. ते दुसऱ्या वर्षाच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसते.

त्यानंतर दोन-तीन महिने मी बरेच वाचले. वाचन हा अपराधभावावरचा आमच्या व्यवसायातला सोपा उतारा आहे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात घिसाड्यांची बोली ‘तारीमुकी’ या नावाने नोंदलेली सापडली, दख्खनच्या मध्यात बोलली जाणारी आणि तरीही गुजरातीच्या कुटुंबातली. म्हणजे परक्यांशी मराठी आणि घरात वेगळे काही. महाराष्ट्रात ते भटक्या जमातींच्या यादीत आहेत. कुळांची नावे पवार, चव्हाण, साळुंके अशी, आणि आपण मूळचे रजपूत ही धारणा. राजस्थानातल्या गाडिया लोहारांची कथा तर प्रसिद्धच आहे. 1568 मध्ये चितोड पडला, तेव्हा राण्याच्या या शस्त्रकारांनी शपथ घेतली की, गड पुन्हा हाती येईपर्यंत छपराखाली राहायचे नाही. मग बैलगाडी हेच घर. शपथ खरी की मागाहून रचलेली, हा इतिहासकारांचा प्रश्न. पण 1955 मध्ये पंतप्रधान नेहरू स्वतः त्यांना घेऊन चितोडगडावर गेले, ही घडलेली घटना आहे. त्याच वर्षी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा शेवटचा खंड निघाला. योगायोगच, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण एका लोहार-कुळाची डोंगरातल्या हरवलेल्या राज्याची कथा जग वाचत असताना दुसरे एक लोहार-कुळ खरोखर गड चढत होते, आणि त्यावर एखादी मराठी कादंबरी असल्याचे मला तरी ठाऊक नाही. वरून खाली आल्यावर त्यांतल्या बहुतेकांच्या नशिबी पुन्हा गाडीच आली, हेही खरे.

व्हेरिअर एल्विन यांचे अगारियांवरचे पुस्तक (1942) मी याच काळात प्रथम पूर्ण वाचले. अगारिया हे जुन्या मध्य प्रांतातले, दगडातून लोखंड गाळणारे आदिवासी. आमचा वर्धा जिल्हाही तेव्हा त्याच प्रांतात होता. त्यांच्या कथांत लोहरीपूर नावाचे लोखंडाचे नगर आहे, लोगुंडी राजा आहे, भट्टीत राहणारे लोहासुर, कोइलासुर, अग्यासुर आहेत. ते नगर नष्ट झाले आणि त्यामागे सूर्य होता, म्हणून सूर्याशी वैर. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. नॉर्स काव्यातला आल्वीस नावाचा बुटका थॉरच्या मुलीला मागणी घालायला येतो आणि थॉर त्याला प्रश्नांत गुंतवून सूर्योदयापर्यंत थांबवतो, कारण सूर्यप्रकाश बुटक्यांचा घात करतो. हजारो मैलांवरच्या दोन समाजांत हे कसे जुळले? प्रसाराचा सिद्धान्त मला इथे लावावासा वाटत नाही. भट्टीसमोर उभे राहून पाहावे. तापलेल्या लोखंडाचा रंग अंधारात कळतो, उन्हात फसवतो. लाल किती, पिवळा किती, यावर सारे काम अवलंबून. सूर्य हा लोहाराचा व्यावसायिक शत्रू आहे, मग तो आइसलँडमधला असो की मंडल्यातला.

अगारियांच्या दोन पोटशाखांची नावे मला टोल्किनच्या सातही कुळांपेक्षा अधिक आवडली: पथरिया आणि खुंटिया. भाता जागेवर राहावा म्हणून जे दगड ठेवतात ते पथरिया, जे खुंटी ठोकतात ते खुंटिया. कुळाची ओळख दाढीच्या लांबीत नाही, हाताच्या सवयीत आहे. एवढी साधी गोष्ट कल्पनेने सुचत नाही, टोल्किनसारख्यालाही नाही. ती कामातूनच यावी लागते.

आणि आमच्या अगदी जवळची कथा गोंडांची. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडून दाराशी शिळा लावली, थोडे निसटले ते काचीकोपा लोहागड नावाच्या ठिकाणी लपले, पुढे लिंगोने शिळा हटवून सर्वांना बाहेर काढले आणि त्यांची कुळे लावून दिली. चार देवांचे, पाच देवांचे, सहा, सात, ही सग्यांची विभागणी वर्धा-यवतमाळच्या गोंडांत सोयरीक जुळवताना आजही पाहतात. ही कथा लिहून घेणारे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात वाहून गेले, आणि त्यांचे कागद 1866 मध्ये छापले गेले. विदर्भातली ती वर्तुळे लोहयुगातली. पेंच नदीकाठी नायकुंडला तर त्याच संस्कृतीची लोखंड गाळण्याची भट्टीच उत्खननात मिळाली आहे. म्हणजे ज्या भूमीवर उभे राहून मी पोरांना नॉर्वेच्या बुटक्यांचे लोखंड सांगत होते, तिच्यात अडीच हजार वर्षांपूर्वीची राख होती.

इथे एका सहकाऱ्याने मला अडवले आणि ते योग्यच केले. गोंड, अगारिया, घिसाडी यांना तू बुटक्यांच्या रांगेत का बसवतेस? ‘बुटका’, ‘खुजा’ हे शब्द मराठीत उंचीपुरते राहत नाहीत. मला उत्तर देता आले नाही. थोडे देता येते ते असे: रांग मी लावलेली नाही, ती फार पूर्वी लागली. जो डोंगरातून धातू काढतो, ज्याच्याविना नांगर चालत नाही आणि ज्याला गावकुसाच्या आत घ्यायचे नाही, त्याला शेती करणाऱ्या समाजांनी कथेत ठेंगणे केले, भूमीखाली ठेवले, थोडा जादूगार, थोडा लोभी केले. गावगाड्यात बसलेल्या लोहाराला आपण बलुते दिले. फिरत्या लोहाराला शब्दकोशातली एक जागा दिली, तीही अशी. टोल्किनने निदान त्या ठेंगण्याला वंशावळ परत केली. बायका मात्र त्यालाही दिसल्या नाहीत.

दिवाळीनंतर एके सकाळी मी घरातली विळी आणि दोन खुरपी पिशवीत घालून त्या मुलीच्या घरी गेले. वर्ध्याच्या रस्त्याला लागून पत्र्याचे घर, समोर निंबाखाली भट्टी. भात्याच्या जागी आता हाताने फिरवायचा पंखा आहे. ट्रकच्या कमानीचे पाटे एका बाजूला रचलेले, कुऱ्हाडी आणि कोयते त्यांतूनच होतात. मोठा मुलगा औद्योगिक वसाहतीत सळ्यांच्या कारखान्यात रोजंदारीवर जातो. तिथेही लोखंड वितळते, पण ते वेगळे, असे वडील म्हणाले आणि काय वेगळे ते सांगितले नाही.

कुणाची तरी वखराची पास भट्टीत होती. वडिलांनी सांडशीने ती ऐरणीवर धरली आणि लहान हातोडीने एके ठिकाणी टक्‌ केले. त्याच क्षणी तिथेच आईचा घण पडला. टक्‌ आणि घण, टक्‌ आणि घण. दोघांत एकही शब्द नाही. ती साठ-सत्तर किलोंची, सडपातळच म्हणावी अशी बाई, पदर कमरेला खोचलेला, घण डोक्यामागून वर्तुळात आणत होती आणि तो ठरल्या जागेवरून बोटभरही सरकत नव्हता. “पाय इकडं घ्या मॅडम, ठिनगी उडते,” एवढेच ती मला मधून म्हणाली. पास पुन्हा तापली, पाण्यात चर्रकन् गेली, बाहेर काढून तिच्या धारेवर पसरणारा रंग वडिलांनी सावलीत धरून पाहिला आणि पुन्हा बुडवली. पाणी देण्याची ही रीत मी पुस्तकात वाचली होती. या सगळ्यात घाई कुठेही नव्हती.

मुलीला मी बाजूला घेऊन पेपरावरच्या शेऱ्याविषयी बोलायचा प्रयत्न केला. वाक्य नीट होईना. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “खरंच घाई झालती मॅडम त्या दिवशी. भाकरी टाकून आली होती.” मला यातून सोडवले की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

विळीचे पैसे त्यांनी घेतले, खुरप्यांचे घेतले नाहीत. निघताना मी तिला सुचवले की, भाषाविज्ञानाच्या प्रकल्पासाठी घरातल्या बोलीतले शब्द गोळा कर, भट्टीचे, हत्यारांचे, नात्यांचे. तारीमुकीची नोंद होऊन शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत. ती बरे म्हणाली. फेब्रुवारीत वही आली. सुबक अक्षर, तीन स्तंभ: शब्द, मराठी अर्थ, कोण वापरते. तिसरा स्तंभ तिने स्वतःच्या मनाने आखला होता, आणि त्यात ‘आई’ हे उत्तर ‘वडील’ या उत्तराहून बरेच अधिक वेळा होते. एकशे चाळीसच्या आसपास शब्द. हत्यारांचे जवळजवळ पूर्ण, स्वयंपाकाचे पुष्कळ. नात्यांच्या भागात मात्र सात-आठ शब्दांनंतर ओळी रिकाम्या होत्या, आणि खाली पेन्सिलीने लिहिले होते: ‘बाकीचे घरचे आहेत. आईने लिहू नको म्हटले.’

मी त्या रिकाम्या ओळींवर काही लिहिले नाही. वही तशीच बाह्य परीक्षकांकडे गेली.